एमिलचं पाणी

माठवाल्याची लारी सोसायटीच्या फाटकातून आत वळली, की अजूनही मी हातातलं काम टाकून दारात येते. चैत्र सरत आलेला असतो, कारेलीबागेतल्या घरांच्या भिंती दुपारी हात लावू देत नाहीत, कुत्री स्कूटरांच्या सावलीला जीभ काढून पडलेली असतात, आणि हा बाबा "माटलां लई लो, माटलां" करत सावकाश येतो. लारीत गवतावर लाल माठ, काळे माठ, तोटीचे माठ, आणि कडेला अक्षय्य तृतीयेची ती लहान मडकी. मी एक मडकं उचलते, बोटाने वाजवून बघते, भावावरून त्याच्याशी हुज्जत घालते. घरात येते आणि आल्याआल्या नजर जाते ती दिवाणखान्यातल्या कोनाड्याकडे. पूर्वी तिथे आमचा टेलिफोन असे. आता फुलदाणी आहे.

चैत्र म्हटलं की लोकांना मोगरा आठवतो, आंब्याची डाळ आठवते, पन्हं आठवतं. मला थंडी आठवते. हसा खुशाल. बडोद्याच्या चैत्रात थंडीच्या भीतीने अंगावर काटा येणारी बाई मीच एकटी असेन. पण एक चैत्र मी खरोखरच तसा काढलाय. पंखा पाचवर, अंगाला घामाच्या धारा, आणि डोक्यात एकच प्रश्न, की आज तिकडे पारा कुठवर उतरला असेल.

तिकडे म्हणजे फ्रान्सात. नव्वदीची ती शेवटची वर्षं. गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी काहीतरी परदेशी येत होतं, कुणाकडे टीव्ही, कुणाकडे गाडी, कुणाकडे नुसतं चॉकलेट. आमच्याकडे अख्खी मुलगी आली. क्लेअर तिचं नाव. चोविशी-पंचविशीची, किडकिडीत, नाकावर तांबूस ठिपके. फाइन आर्ट्सला वर्षभर शिल्पकला शिकायला आली होती आणि तिला आमची अगाशीवरची, म्हणजे गच्चीतली, खोली हवी होती. खोली द्यायची की नाही हे ठरवणार माझे सासरे, नाना. नागरवाड्यातला जन्म, पणजोबा महाराजांच्या दप्तरात, स्वतः शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेला. आमचं गोत्र कौशिक, आणि कौशिक गोत्राचा माणूस रांग मोडत नाही, हे ते रेशनच्या दुकानात अनोळखी माणसालाही ऐकवायचे. त्यांनी पोरीला समोर बसवून रीतसर मुलाखत घेतली.

"वडील काय करतात?"

"शेती."

"शाब्बास. खोलीत मांसमच्छी चालणार नाही. पाणी जपून वापरायचं. चालेल?"

बडोद्यात येऊन तिला दोन-तीनच दिवस झाले होते. पण जिन्याखाली भेटलेल्या आमच्या शेजारणीने, अनसूयाबेनने, तिला तेवढ्यात एक शब्द शिकवला होता. "चालशे," ती म्हणाली. नाना खुदकन हसले आणि खोली तिची झाली. पुढे तो शब्द तिने असा धरला की विचारू नका. आमटी तिखट झाली? चालशे. नळ गेला? चालशे. नाना तिच्याशी इंग्रजीत बोलत, मी हिंदीत, अनसूयाबेन गुजरातीत, आणि ती सगळ्यांशी सगळ्याची खिचडी करून. थंडी संपेपर्यंत त्या खिचडीत मराठीही पडली.

माझं माहेर निफाडकडचं, मी द्राक्षबागेत वाढलेली. माघात लारीवर पहिली द्राक्षं आली, तेव्हा मी सवयीने घड उचलून देठ बघितला, आणि बघते तर ही पोरगीही दुसरा घड हातात घेऊन देठच बघतेय. दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. "अगं, तू बागवाली?" मी म्हटलं. तिच्या वडिलांची द्राक्षबाग होती, एका नदीकाठच्या उतारावर. झालं, त्या दिवसापासून आमचं मेतकूट जमलं. वेलीवर कोंब फुटतो त्या जागेला आम्ही डोळा म्हणतो, तर तिच्याकडेही डोळाच म्हणतात. माझा दादा त्या सुमारास रानटी खुंटावर कलमं बांधायला लागला होता, ते ऐकून ती म्हणाली, "आमच्याकडे खापरपणजोबांनी केलं, काकू. मुळाला कीड लागली, सगळी बाग मेली, मग परक्या मुळावर आपली वेल." इतकी वर्षं बडोद्यात राहून माझ्याशी कुणी डोळ्यांवर आणि छाटणीवर बोललं नव्हतं. मला तर माहेरचं माणूस भेटल्यागत झालं.

मग गुढीपाडवा आला. श्रीखंड-पुरीचं पान, नाना रंगात. त्यांनी सहज विचारलं, "तुमची द्राक्षं बाजारात कशी जातात? पेट्यांतून की करंड्यांतून?"

"द्राक्षं जात नाहीत, नाना. आम्ही वाईन करतो. घराखाली तळघर आहे. खूप पिढ्या."

माझ्या हातातली पुरी तशीच राहिली. समोर माझे यजमान रिफायनरीतून रात्रपाळी करून आलेले, पेंगत जेवत होते, तेही खडबडून जागे झाले. नानांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली आणि पानावरून उठले. सणाच्या दिवशी, अर्ध्या जेवणातून.

तुम्ही म्हणाल, दारूबंदीचं राज्य, सोवळा म्हातारा, चालायचंच. तसं नव्हतं ते. नानांचे थोरले भाऊ बापू दारूने गेले होते. बंदी असो नसो, ज्याला प्यायची तो पितोच. बापूंनी चोरून मिळेल ती प्यायली आणि ऐन उमेदीत, पोटी मूलबाळ नसताना, नागरवाड्यातल्या एका खोलीत संपले. हे मला सासूबाईंनी, त्या हयात असताना, पोळ्या लाटताना हळूच सांगितलं होतं. नानांच्या तोंडून बापूंचं नाव मी लग्न होऊन आल्यापासून एकदाही ऐकलं नव्हतं. अक्षय्य तृतीयेला नाना तिळाचं पाणी सोडत, एकेका पितराचं नाव आणि गोत्र घेऊन. आई, वडील, आजोबा, माझ्या सासूबाई, मामा, अगदी संस्कृतचे मास्तरसुद्धा. फक्त सख्खा भाऊ नाही. त्याला पाणी देणारं दुसरं कुणीच नव्हतं, आणि तरी नाही.

हात धुऊन आल्यावर नाना मला म्हणाले, "सूनबाई, पुढच्या महिन्यापासून तिला दुसरी खोली बघायला सांग." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते. मी भांडायला कमी नाही. पण तो आवाज ऐकून माझी हिंमतच झाली नाही.

तिला सांगायचं कसं, या विवंचनेत मी चार दिवस काढले, आणि पाचव्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. क्लेअर कोनाड्यापाशी उभी राहून बोलली आणि बोलता बोलता जिन्याच्या पायरीवर बसली. फोन ठेवल्यावरही उठेना. मी पाणी दिलं, तेव्हा तिने सांगितलं. यंदा तिकडे ऊब लवकर आली, त्यामुळे डोळे लवकर फुटले. आता उत्तरेचा वारा सुटलाय आणि पहाटेची थंडी परत आलीय. कोवळा कोंब एकदा थंडीने जळला, की त्या वर्षाचं पीक गेलं. मागची दोन्ही वर्षं तशीच गेलेली. तिच्या वडिलांनी घरात सांगून टाकलं होतं, की यंदाही जळलं तर बाग विकणार. घ्यायला एक बडी कंपनी टपूनच होती.

"तुला तर ती बाग करायचीच नव्हती ना?" मी विचारलं. हे तिनेच मला सांगितलं होतं. शिल्पकार व्हायचं म्हणून बापाशी भांडून ती इतक्या लांब आली होती.

"मला नको होती," ती म्हणाली. "पण ती नसावी असं पण नको होतं, काकू."

नाना झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. निदान तसं दाखवत होते, कारण पान मघापासून उलटलं नव्हतं. वर्तमानपत्राआडूनच प्रश्न आला, "किती जुनी आहे म्हणे ती जागा?"

इतिहासाच्या मास्तरला याहून मोठा मोह कुठला? दारू करणाऱ्याशी बोलायचं नव्हतं त्यांना. पण पोटात इतका जुना इतिहास असलेलं माणूस आपल्याच जिन्यावर बसलंय, हे त्यांना सहन होईना. क्लेअर सांगत गेली. उतारावरचे दगड वेचून पहिल्या वेली लावल्या त्या तिथल्या ख्रिस्ती मठातल्या साधूंनी. त्यांचं तळघर अजून आहे, भिंती इतक्या जाड की उन्हाळ्यात आत स्वेटर लागतो. मग राज्यक्रांती झाली, मठाची जमीन सरकारजमा झाली, लिलाव झाले. तिचा पूर्वज मठासाठी लाकडी पिंपं बांधणारा सुतार, त्याने उतारावरचा एक तुकडा घेतला. वर्तमानपत्र खाली आलं. "सरकारजमा? मग साधू कुठे गेले?" नानांचा आवाज पार बदलला होता. आमची इनामाची जमीन सरकारात गेली ती गोष्ट नाना अजून काल घडल्यासारखी सांगत. त्या संध्याकाळी त्यांनी शाळेचा जुना नकाशा काढला आणि तिच्याकडून नदी, उतार, मठ अशी बोट ठेवून शिकवणी घेतली. वाईन हा शब्द मात्र उच्चारला नाही. "आणि तो पदार्थ किती दिवस पिंपात ठेवतात?" असं विचारायचे. खोलीची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, मीही काढली नाही. मला कुठे काढायची होती?

त्या घराण्यातला मोठा कर्ता माणूस म्हणजे तिचे आजोबा, एमिल. लढाईतून परतले तर बाग उजाड. त्यांनी ती पुन्हा लावली, आणि उताराच्या पायथ्याशी मोठं तळं खणलं. गावाने वेड्यात काढलं. द्राक्षाला तिकडे पावसाचं पाणी पुरतं, मग हा माणूस तळं कशाला खणतोय? क्लेअर हसून म्हणाली, "ते पिण्यासाठी नाही, थंडीसाठी." तेव्हा आम्हाला ते काही कळलं नाही.

आता त्या सकाळी आठवल्या की मला अजूनही बसल्या जागी घाम फुटतो. तिकडे उजाडतं तेव्हा आपल्याकडे दहा वाजलेले असतात. तिथली सगळ्यात जीवघेणी वेळ पहाटेची, म्हणजे आपली नऊ-साडेनऊची. भाजीवाली येऊन गेलेली, ऊन अगाशीवर पसरलेलं, अनसूयाबेन छुंद्याच्या बरण्यांना पांढरी फडकी बांधतायत, कैरी आणि साखरेचा आंबटगोड वास जिन्यापर्यंत. आणि क्लेअर पायरीवर, गुडघ्यांना मिठी मारून, फोनकडे टक लावून. कॉलेज नाही, माती नाही. पहाट सुखरूप गेली की आई फोन करणार असं ठरलेलं. फोन वाजेपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. कुकरची शिट्टीसुद्धा मला आगाऊ वाटायची.

"भाभी, फोन आव्यो?" अनसूयाबेन भिंतीवरून विचारायच्या.

"अजून नाही."

"आ छोकरी कंई खाती नथी. थेपलां मोकलुं?"

थेपले यायचे, तसेच पडून राहायचे. मग फोन वाजायचा, ती झडप घालायची, दोन शब्द ऐकायची आणि डोळे मिटून म्हणायची, "आज वाचलं." सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. माझ्या वडिलांचं असंच असायचं. पौषात पारा उतरला की निफाडला पहाटे बागेत शेकोट्या पेटायच्या, पाचट आणि ओला पाला जाळून सगळा धूर वेलींखाली सोडायचे. आम्ही पोरं खोकत शेकत बसायचो, आम्हाला मौज वाटायची. वडिलांचा चेहरा तेव्हा मी नीट बघितलाच नव्हता. तो मला बडोद्यात, एका परक्या पोरीच्या तोंडावर दिसला.

एकदा सकाळी मी देवपूजेला गेले तर देव्हारा रिकामा. बघते तर सगळे देव, गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, झाडून सगळे, पितळी घंगाळात पाण्याखाली. शेजारी नाना आसनावर.

"हे काय, नाना?"

"दिसत नाही? देव पाण्यात ठेवलेत. तिची बाग वाचेपर्यंत बाहेर काढायचे नाहीत."

मी थक्क झाले. दारूचं नाव न घेणारा हा माणूस दारूच्या बागेसाठी देवांना वेठीला धरून बसला होता. पण माझ्यातली बागवाली आधी तडकली. "अहो नाना, पाऊस हवा असेल तर देवाला पाण्यात घालतात! इथे थंडी घालवायचीय आणि तुम्ही त्यांना गारठवताय? उलटंच करून बसलात की! समयी लावा, धूप घाला, ऊब द्या त्यांना."

नाना गडबडले. शास्त्राधार सापडेना. घंगाळाकडे बघत म्हणाले, "अगं, पण आमच्याकडे संकटात देव पाण्यातच ठेवतात. दुसरं मला येत नाही."

आमचा आवाज ऐकून क्लेअर जिन्यावरून खाली आली. तिला काय चाललंय ते मी चिडूनच सांगितलं. ती घंगाळापाशी गुडघ्यांवर बसली, पाण्यातला बाळकृष्ण बघत राहिली, आणि एकदम हसायला लागली. हसता हसता रडायलाच लागली. म्हणाली, "बरोबर आहे, काकू. नानांचं बरोबर आहे. आम्ही पण हेच करतो."

तेव्हा मला त्या तळ्याचा अर्थ कळला. थंडी फार वाढली की तिचे वडील वेलींवर पाण्याचे फवारे सोडायचे. पाणी कोंबावर गोठतं, कोंबाभोवती बर्फाचं कवच होतं, आणि वर सतत पाणी गोठत राहिलं तर त्या कवचात कोंब जळत नाही. तळं त्यासाठीच खणलं होतं एमिलने. पण त्यात एक मेख होती. फवारा सुरू केला की ऊन येऊन बर्फ वितळेपर्यंत थांबवायचा नाही. मध्येच तळं आटलं, तर न फवारलेलं परवडलं. आणि पाइप होते फक्त खालच्या बागेला. वरच्या उतारावर पाणी चढत नव्हतं, तिथे शेकोट्याच.

"तळ्यात पाणी किती उरलंय?" नानांनी विचारलं.

"कमी," ती म्हणाली. "रोज कमी."

त्यानंतर घंगाळात पाणी जरा खाली गेलं की नाना तांब्या घेऊन धावायचे. बडोद्याच्या त्या काहिलीत पाणी उडायचंही भराभर. यजमान म्हणाले, "देवांची मजा आहे, आपण उकडतोय आणि ते पोहतायत." एरवी मी हसले असते, त्या दिवशी त्यांच्यावर ओरडले.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी क्लेअरच्या आईने सांगितलं, की उद्याची पहाट सगळ्यात वाईट आहे असं हवामानवाले म्हणतायत. ही पार पडली तर पुढे ऊब आहे. आणि त्याच दुपारी आमचा फोन मेला. कुणा नव्या कंपनीची केबल टाकायला सोसायटीबाहेर रस्ता खणत होते, कुदळ कुठे बसली देव जाणे. गल्लीतले सगळे फोन मुके, कोपऱ्यावरचा एसटीडी बूथही. क्लेअरने रिसीव्हर कानाला लावला, ठेवला, पुन्हा लावला. मग वर निघून गेली.

सकाळी मी तिला कायनेटिकवर मागे बसवून रावपुऱ्यातल्या बूथवर घेऊन गेले. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. "सगळे बागेत असतील," मी म्हटलं. ती मान हलवत होती, पण ओठ पांढरे. पुन्हा लावला. पुन्हा नुसती घंटी. घरी स्वयंपाक व्हायचा होता, नाना पाणी सोडायला खोळंबले होते. तासाभराने परत येऊ म्हणून मी तिला ओढतच परत आणलं. रस्त्यात ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं, आणि ती माझ्या पाठीमागे चक्क कुडकुडत होती.

नाना पाटावर बसले होते. पुढे नवं मडकं, पाणी, तीळ. क्लेअर दाराशी टेकून उभी राहिली. नाना एकेक नाव घेत ओंजळीतून पाणी सोडू लागले. वडील, कौशिक गोत्र. आजोबा, कौशिक गोत्र. आई, आजी, पत्नी, मामा, मास्तर. दर वर्षी इथे थांबायचे. त्या दिवशी ओंजळ पुन्हा भरली आणि त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"आजोबांचं नाव काय म्हणालीस? एमिल ना?"

तिने मान हलवली.

"गोत्र तर तुमच्यात नसेल. हरकत नाही. ज्याचं गोत्र ठाऊक नाही, त्याचं कश्यप म्हणतात. सगळी माणसं शेवटी त्याचीच लेकरं." आणि स्पष्ट, वर्गात हजेरी घ्यावी अशा आवाजात म्हणाले, "एमिल. कश्यप गोत्र."

पाणी ताम्हनात पडलं. नाना तसेच बसून राहिले. मला वाटलं, झालं. पण हात पुन्हा तांब्याकडे गेला. निम्मं पाणी बोटांतूनच गळून गेलं. मग अगदी हळू, लहान भावाने हाक मारावी तसं, म्हणाले, "बापू. कौशिक गोत्र."

मी पदर तोंडात धरला. यजमान भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. क्लेअरला बापू कोण ते माहीत नव्हतं, पण ती पुढे आली आणि नानांच्या शेजारी जमिनीवर बसली, आणि त्यांनी ओल्या हाताने तिचं मनगट धरून ठेवलं. त्या घरात इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. आणि तिचा फोन अजून लागायचा होता.

दुसऱ्या खेपेला बूथवर गर्दी. सणाचा दिवस, ज्याला त्याला गावी बोलायचं होतं. तिचा नंबर आला, ती काचेच्या खोलीत शिरली. मी बाहेरून बघत होते. ओठ हलले, म्हणजे कुणीतरी उचलला. मग ती नुसती ऐकत होती. काचेला तिने कपाळ टेकलं. मला फ्रेंचचा एक शब्द कळत नाही, आणि काचेतून तर तोही ऐकू येत नव्हता. रडतेय का? कशाने रडतेय? मागचा माणूस "बेन, जल्दी करो" म्हणून कुरकुरला, त्याला मी असं बघितलं की गप्प झाला.

ती बाहेर आली. मला धरलं, बूथवाल्यासमोर, सगळ्या रांगेसमोर.

"वरचं गेलं, काकू. सगळं जळलं. पाप्पांचे हात भाजले, शेकोट्या करून करून. खालचं..." तिचा श्वास पुरेना. "खालचं वाचलं. तळ्यात चिखल राहिला फक्त. पण ऊन येईपर्यंत पुरलं. एमिलचं पाणी पुरलं."

"आणि विकणार?"

"वरचं विकणार. खालचं नाही. मी सांगितलं, मी येते."

घरी येऊन नानांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, खालची बाग म्हणजे नकाशात नेमकी कुठे. मग उठले, घंगाळातून एकेक देव बाहेर काढला, पंच्याने पुसला आणि म्हणाले, "बस झालं. पडसं व्हायचं त्यांना." पाठमोरेच होते. बराच वेळ ते एकच बाळकृष्ण पुसत होते.

त्याच महिन्यात ती गेली. शिल्पं अर्धीच राहिली. निघताना तिने नानांना भीत भीत विचारलं, पहिल्या हंगामाची एक बाटली पाठवली तर? नाना म्हणाले, "इथे बंदी आहे, आणि नसती तरी मी घेतली नसती. फोटो पाठव." तिने पाठवला. वेलीचा एक कोवळा डोळा, वर काचेसारखं बर्फाचं कवच. नानांनी तो देव्हाऱ्याशेजारी लावला. आल्यागेल्याला दाखवायचे, "हा कोंब मेलेला नाही बरं का, हा वाचवलेला आहे." आणि पुढच्या प्रत्येक अक्षय्य तृतीयेला एमिल आणि बापू, दोघांनाही पाणी मिळालं, लागोपाठ.

अनसूयाबेन आता मुलाकडे अमेरिकेत असतात. त्यांच्या अगाशीवर मोबाइलचा टॉवर आलाय, छुंद्याचा वास नाही. गेल्या थंडीत नाना गेले. झोपेत, काही त्रास न होता. मी क्लेअरला फोन करून कळवलं.

परवा माठवाला आला. मी मडकं घेतलं. यंदा पहिल्यांदाच नानांचं नाव पाणी घेणाऱ्यांत येणार होतं. तृतीयेच्या सकाळी यजमान पाटावर बसले, तीळ-पाणी मांडून झालं, आणि माझा मोबाइल वाजला. तिकडे नुकतंच उजाडलं असणार.

"काकू, आज आहे ने?"

"आज आहे, बाळ."

"मी मडकं ठेवलं. तळ्याजवळ, जुन्या वेलींखाली. पाणी दिलं. पहिलं एमिलला, मग नानांना." मग म्हणाली, "पण नानांचं गोत्र मला आठवलं नाही. म्हणून कश्यप म्हटलं. चालशे ने?"

रेशनच्या रांगेत उभे असलेले नाना माझ्या डोळ्यांसमोर आले. मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू, दोन्ही आवरेनात.

"चालशे गं," मी म्हटलं. "चालशे."

फोन ठेवला. यजमान ओंजळ भरून माझ्याकडेच बघत होते.

"नानांना दोनदा पाणी सोडा," मी म्हटलं. "एकदा कौशिक म्हणा, एकदा कश्यप."